सिव्हिलायझेशन ६: हल्ल्यासाठी प्रमोशन कोणतं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिव्हिलायझेशन ६ हा शहरं वसवून फौजा लढवायचा, पाळीपाळीने खेळायचा कॉम्प्युटर गेम. मे २०२० मध्ये एपिकच्या ऑनलाइन स्टोअरवर तो आठवडाभर फुकट होता. तेव्हा उतरवून घेतलेल्या प्रतीवर आजही अनेक जण खेळतात. नेट नसलं तरी चालतं, एका लॅपटॉपवर दोघं-तिघं बसता येतं, म्हणून खेड्यापाड्यात हा गेम टिकून आहे. प्रश्न वऱ्हाडी बोलीत आले तसेच ठेवले आहेत. प्रमोशनची नावं गेममध्ये इंग्रजीत दिसतात, इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

१. प्रमोशन म्हणजे नेमकं काय, आन् ते भेटते कसं?

युनिट, म्हणजे फौजेची एक तुकडी, लढलं की त्याला अनुभव, म्हणजे एक्सपी, मिळतो. एकूण १५ एक्सपी झाले की पहिलं प्रमोशन, ४५ ला दुसरं, ९० ला तिसरं आणि १५० ला चौथं. दर वेळी अंतर १५ ने वाढत जातं. प्रत्येक प्रकारच्या युनिटचा सात प्रमोशनांचा वेगळा तक्ता असतो. पहिल्या तीन पायऱ्यांवर दोन-दोन आणि शेवटच्या पायरीवर एक. वरचं घ्यायचं तर त्याला रेषेने जोडलेलं खालचं आधी घ्यावं लागतं. कोणतं कशाला जोडलं आहे हे प्रमोशनची खिडकी उघडली की दिसतं. निवडण्याआधी त्या रेषा नीट बघा, कारण एकदा घेतलेलं प्रमोशन परत करता येत नाही.

२. +५, +७, +१० एवढ्याशा आकड्यानं काय फरक पडते?

बराच पडतो. प्रत्येक युनिटची हेल्थ १०० असते. दोघांची ताकद सारखी असेल तर एका वारात साधारण ३० हेल्थ जाते. नशिबाच्या भागामुळे ती २४ ते ३६ च्या दरम्यान कुठेही पडते. ताकदीतला फरक वाढला की नुकसान टक्केवारीने चढतं. जवळून लढणाऱ्या युनिटचं सरासरी गणित असं:

फरक +५ असेल तर तुमचा वार ३७ चा, समोरच्याचा २५ चा.
फरक +७ असेल तर तुमचा ४०, त्याचा २३.
फरक +१० असेल तर तुमचा ४५, त्याचा २०.
फरक +१७ असेल तर तुमचा ५९, त्याचा १५.
फरक +३० असेल तर समोरचा बहुतेक एकाच वारात संपतो.

म्हणजे बरोबरीत साधारण चार वारांत मरणारा शत्रू +७ असलं की तीन वारांतच मरतो, आणि त्या तीन वारांत तुमच्या युनिटची साधारण २० हेल्थ कमी जाते. +१० ला थोडी जरी जखम आधीच झालेली असली तरी दोन वारांत काम होतं. बोनस एकमेकांत मिळवले जातात, म्हणून एकाच कामाची दोन प्रमोशनं एका युनिटवर चढवली की परिणाम जोरदार दिसतो.

जखमेचाही हिशोब धरा. दर १० हेल्थ गेली की साधारण १ ताकद कमी होते. अर्धमेलं युनिट पुढे ढकललं तर प्रमोशनचा +५ जखमेतच जिरतो.

३. प्रमोशन आलं की लगेच घ्यावं, का राखून ठेवावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तराला दोन बाजू आहेत.

प्रमोशन घेताना युनिटला ५० हेल्थ परत मिळते. शत्रूच्या हद्दीत नुसतं बसून राहिलं तर एका टर्नला फक्त ५ हेल्थ भरते, कोणाच्याही नसलेल्या जमिनीत १०, स्वतःच्या हद्दीत १५ आणि शहरात २०. म्हणजे शत्रूच्या तटाखाली घेतलेलं एक प्रमोशन दहा टर्नच्या विश्रांतीइतकं भरतं. १०० हेल्थ असताना ते घेऊन टाकणं म्हणजे हे औषध सांडून देणं.

दुसरी बाजू अशी की प्रमोशन बाकी असताना युनिटला पुढचा अनुभव मिळत नाही. एक्सपी त्या आकड्यावर अडकून राहतात. पाच-सहा लढाया प्रमोशन दाबून ठेवलं तर तेवढा अनुभव वाया जातो.

म्हणून असं करा. लढाई दोन-तीन टर्नवर असेल तर राखा. लढाई चालू असेल आणि हेल्थ ५० च्या आसपास आली की घ्या. लढाई लांब असेल तर आजच घेऊन टाका.

इथे बहुतेकांचं युनिट ज्या कारणाने मरतं ते असं: प्रमोशन घ्यायला चाल, म्हणजे त्या टर्नला हलण्याचे गुण, शिल्लक लागते, आणि घेतलं की त्या टर्नची सगळी चाल संपते. हल्ला करून झाल्यावर 'आता प्रमोशन घेतो' म्हटलं तर बटण चालत नाही. म्हणून टर्नच्या सुरुवातीलाच ठरवा, वार करायचा की प्रमोशन घ्यायचं. हेल्थ ५० असताना बरोबरीच्या शत्रूचा एक वार सहसा झेपतो, कारण तो २९ ते ४४ चा असतो. ४० वर एक वारही जीव घेऊ शकतो. ४० च्या खाली नेऊन प्रमोशनची वाट बघू नका.

४. तलवारवाल्याले पहिलं कोनतं द्यावं, बॅटलक्राय का टॉर्टस?

बॅटलक्राय पायदळ आणि नेमबाज युनिटांविरुद्ध +७ देतं, वार करताना आणि झेलतानाही. टॉर्टस फक्त दुरून आलेल्या वारापासून बचाव करताना +१० देतं.

समोर काय उभं आहे ते मोजा. मोकळ्या रानात शत्रूची फौज आडवी असेल तर बॅटलक्राय. पण तटबंदी असलेलं शहर आणि त्यामागे दोन तिरंदाज असतील, तर तुमच्या पुढच्या युनिटवर दर टर्नला तीन बाण पडणार. बरोबरीची ताकद धरली तर तीन वेळा ३० म्हणजे ९०. टॉर्टस असेल तर तीन वेळा २० म्हणजे ६०. नावात कासव असलं तरी वेढ्यात हल्ला टिकवून धरणारं प्रमोशन हेच आहे. चार तलवारवाले असतील तर पुढे राहणाऱ्या दोघांना टॉर्टस आणि बाजूने येणाऱ्या दोघांना बॅटलक्राय, ही वाटणी आम्हाला सगळ्यात पटते.

बॅटलक्राय घोडदळावर आणि भालेवाल्यांवर लागू होत नाही. शत्रूकडे मुख्यतः घोडेच असतील तर त्याचा काही उपयोग नाही.

५. त्याच्या पुढं कमांडो घ्यावं का ॲम्फिबियस?

नकाशा बघून ठरवा. शहर नदीपलीकडे असेल तर ॲम्फिबियस, कारण नदी ओलांडून किंवा पाण्यातून हल्ला करताना लागणारी कपात त्याने जाते. नदी आड येत नसेल तर कमांडो, त्याने एक चाल वाढते आणि कडे चढता येतात. वर्धा-वैनगंगेसारखी नदी मध्ये घेऊन वसलेली शहरं या गेममध्येही पुष्कळ असतात, कारण ताज्या पाण्याशेजारी घरं वाढतात. त्यामुळे ॲम्फिबियस वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा कामी येतं.

तिसऱ्या पायरीवर झ्वाइहँडर भालेवाल्यांविरुद्ध +७ देतं आणि अर्बन वॉरफेअर डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शहराच्या विभागात, लढताना +१०. शेवटचं एलिट गार्ड चाल उरली असेल तर एक जादा हल्ला देतं. पायदळाकडे चाल मुळात कमी, म्हणून आधी कमांडो असेल तर एलिट गार्डचा जास्त फायदा होतो.

६. तिरंदाजाले शहर फोडता येते का? इन्सेंडिअरीज घेतलं त?

फोडता येतं, पण हे काम त्याचं नाही. नेमबाज युनिटांना शहराच्या बचावाविरुद्ध −१७ ची कपात असते. इन्सेंडिअरीज +७ देतं, म्हणजे तरीही −१० उरतेच. बरोबरीच्या शहरावर १५ चा मारा २० चा होतो, एवढंच. तटबंदी फोडायला प्रश्न ७ मधली युनिटं न्या.

तिरंदाजाला व्हॉली द्या, जमिनीवरच्या युनिटांविरुद्ध +५. त्यावर ॲरो स्टॉर्म, जमीन आणि जहाजं दोन्हींविरुद्ध +७. दोन्ही मिळून +१२ झाले की बरोबरीच्या शत्रूवर एका बाणाला सरासरी ४८ हेल्थ जाते, आणि दुरून मारत असल्याने उलटा वार येत नाही. शेवटच्या पायरीवरचं एक्सपर्ट मार्क्समन युनिट हललं नसेल तर एका टर्नला दोन बाण देतं. १५० एक्सपी लागतात, पण ज्यासाठी इतकं थांबावं असं वाटणारं प्रमोशन आमच्या मते हेच पहिलं. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन तिरंदाज शेवटपर्यंत जगवा. अपग्रेड करत नेले की तेच पुढे क्रॉसबोवाले आणि त्यापुढची युनिटं होतात.

गॅरिसन हे स्वतःचं शहर राखण्याचं प्रमोशन आहे. चढाईवर निघालेल्या फौजेत ते घेऊ नका. एम्प्लेसमेंट मात्र शहराच्या माऱ्यापासून बचाव करताना +१० देतं, म्हणून ते वेढ्यात चालतं.

७. कॅटापल्टले कोनतं? मी ग्रेप शॉट घेतलं, तरी मारा कमीच दिसते. काऊन?

कॅटापल्टसारख्या तट फोडणाऱ्या, म्हणजे वेढ्याच्या, युनिटांना जमिनीवरच्या युनिटांविरुद्ध −१७ ची कपात असते. ग्रेप शॉट त्यात +७ भरतं, पुढचं श्रॅपनेल +१० भरतं. दोन्ही मिळून बरोबर १७. म्हणजे ४५ एक्सपी आणि दोन प्रमोशनं खर्च करून तुम्ही फक्त शून्यावर येता. तेवढ्यात एखादा साधा तिरंदाज ते काम करून गेलेला असतो. तुमचा मारा कमी दिसतो तो यामुळेच.

कॅटापल्टचा रस्ता असा: आधी क्रू वेपन्स, मग शेल्स, मग एक्सपर्ट क्रू, शेवटी फॉरवर्ड ऑब्झर्व्हर्स.

क्रू वेपन्स बचावाला +७ देतं. पहिल्या वेढ्यात कॅटापल्ट बहुतेक वेळा पोहोचण्याआधीच मरतो, त्यामुळे हे रडतखडत घेण्यासारखं नाही. शेल्स डिस्ट्रिक्टच्या बचावाविरुद्ध +१० देतं, आणि शहर घेण्याच्या कामातलं सगळ्यात किमती दुसऱ्या पायरीचं प्रमोशन हेच. ३० चा मारा ४५ चा होतो. शेल्स असलेले दोन कॅटापल्ट साध्या तिघांचं काम करतात. एक्सपर्ट क्रूने हलल्यावरही मारता येतं. ते येईपर्यंत कॅटापल्ट ज्या टर्नला शहराजवळ पोहोचतो त्या टर्नला नुसता मार खातो. फॉरवर्ड ऑब्झर्व्हर्सने पल्ला एक घर (नकाशावरचा एक षटकोन) वाढून तीन होतो, आणि शहराचा पल्ला दोनच घरांचा असल्याने तटावरचे बाण तिथवर येत नाहीत.

एक्सपर्ट क्रू यायच्या आधी त्याची उणीव ग्रेट जनरल भरून काढतो. दोन घरांच्या आत असलेल्या, त्या जनरलच्याच काळाच्या युनिटांना तो +५ ताकद आणि एक जादा चाल देतो. त्या जादा चालीमुळे कॅटापल्ट एक घर सरकून त्याच टर्नला मारू शकतो. जनरल जवळ असेल तर शेल्सनंतर एक्सपर्ट क्रूची घाई राहत नाही.

८. नाइट आन् पुढच्या रणगाड्याले काय द्यावं?

चार्ज. मोर्चा धरून बसलेल्या शत्रूविरुद्ध +१०. टर्नभर मोर्चा धरला की बचावाला +३ मिळतात, दुसऱ्या टर्नपासून +६, आणि टेकडीचे आणखी +३. म्हणजे टेकडीवर मांडी घालून बसलेल्याचे ९ गुण चार्ज एकट्याने खाऊन टाकतं. दुसऱ्या पायरीवर राऊट, जखमी शत्रूविरुद्ध +५. आधी तिरंदाजाने एक बाण मारायचा आणि मग नाइट घालायचा, एवढा क्रम पाळला की राऊट जवळजवळ प्रत्येक वाराला लागू होतं. शेवटी ब्रेकथ्रू जादा हल्ला देतं, आणि या घोड्यांकडे चाल भरपूर असल्याने तो खरंच वापरता येतो.

बार्डिंग फक्त दुरून येणाऱ्या वारापासून वाचवतं. शहराजवळ जास्त वेळ थांबायचं असेल तरच घ्या.

९. आन् हलक्या घोडदळाले?

कोर्सर्स. तिरंदाज आणि वेढ्याच्या युनिटांविरुद्ध +५. हलकं घोडदळ मागे लपलेले तिरंदाज शोधून मारण्यासाठीच असतं, घोडदळाला शत्रूचा अटकाव पट्टा (शत्रूशेजारी आलं की पुढची चाल अडवणारा नियम) लागत नाही म्हणून ते रांगेच्या मागे शिरू शकतं. दुसऱ्या पायरीवर डिप्रेडेशन, त्याने लुटायला एकच चाल लागते. शत्रूचं फार्म लुटलं की युनिटची हेल्थ भरते, म्हणजे आत शिरलेला घोडेस्वार परत न फिरता तिथेच तग धरतो.

१०. भालेवाले हल्ल्यात नेले त चालते का?

समोर पायदळ असेल तरच. थ्रस्ट घ्या, पायदळाविरुद्ध +१०. बाकी त्यांचा तक्ता बहुतांशी बचावाचा आहे.

११. रानटी टोळ्यांशी लढून लढून सगळी प्रमोशनं काढता येतात का?

नाही. एक प्रमोशन घेतलेल्या युनिटला त्यानंतर रानट्यांशी झालेल्या प्रत्येक लढाईत फक्त १ एक्सपी मिळतो. म्हणून एकाच वॉरियरने सगळे रानटी मारण्यापेक्षा पाळीपाळीने मारा. चार युनिटांचं पहिलं प्रमोशन त्यातून निघतं आणि पहिल्या युद्धाला चौघेही तयार असतात.

१२. बॅरेक्स बांधावं का स्टेबल? एका छावणीत दोन्ही होत नाहीत.

बॅरेक्स पायदळ, नेमबाज आणि भालेवाल्यांचा अनुभव २५ टक्क्यांनी वाढवतं. स्टेबल घोडदळाचा आणि वेढ्याच्या युनिटांचा. दुसरा भाग पुष्कळांच्या नजरेतून सुटतो: कॅटापल्टला तबेल्याचा फायदा मिळतो, बॅरेक्सचा नाही. ज्या शहरातून तोफा काढणार तिथे स्टेबल बांधा. फायदा त्या शहरात बनलेल्या युनिटलाच मिळतो, म्हणून कोणतं युनिट कुठे बनवायचं हे आधी ठरवून ठेवा.

१३. बॅटलक्राय असून शहरावर हल्ला करताना +७ दिसत नाही. गेममध्ये बिघाड आहे का?

बिघाड नाही. शहराचा बचाव हे पायदळ नाही आणि नेमबाज युनिटही नाही, म्हणून तो बोनस लागत नाही. हल्ल्याआधी लक्ष्यावर माउस ठेवला की खाली दोन्ही बाजूंचे बोनस ओळीने दिसतात. तुमचं प्रमोशन तिथे नसेल तर ते या लढाईत नाही. समोरच्या युनिटने घेतलेली प्रमोशनंही त्याच ठिकाणी कळतात. प्रत्येक मोठ्या हल्ल्याआधी ही यादी वाचा.

तट उभा असताना पायदळाचा वार जवळपास वाया जातो. त्यावर उपाय प्रमोशनमध्ये नाही, बॅटरिंग रॅम या तट फोडायला सोबत न्यायच्या युनिटमध्ये आहे. सुरुवातीच्या तटबंदीवर पायदळ आणि भालेवाल्यांनाच तो चालतो, घोडदळाला नाही. नाइटला चार्ज देऊन रॅमसोबत पाठवलं आणि शहर पडलं नाही, अशी तक्रार असेल तर कारण हेच.

१४. जहाजांचं काय?

तोफेच्या जहाजाला शहर मारायचं असेल तर बॉम्बार्डमेंट, जहाजं मारायची असतील तर लाइन ऑफ बॅटल.

१५. मधातच लाइट जाते. घेतलेलं प्रमोशन राहते का?

ऑटोसेव्ह टर्न बदलताना होतो. चालू टर्नमध्ये निवडलेलं प्रमोशन सेव्ह न करता लाइट गेली तर परत निवडावं लागतं. ऑप्शन्समध्ये गेमच्या पानावर दोन ऑटोसेव्हमधले टर्न किती हा आकडा १ करा. जुनी बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर मोठ्या हल्ल्याआधी हाताने सेव्ह कराच.

१६. हॉटसीटवर मित्रासंग खेळतो. त्याले माहीत असते मी काय घेणार, मंग काय करावं?

एकाच पडद्यावर खेळताना कॉम्प्युटरविरुद्ध चालतो तो ठराविक क्रम चालत नाही. तुम्ही सगळ्यांना बॅटलक्राय दिलं हे मित्राने एका लढाईत पाहिलं की तो भालेवाले पुढे आणतो, कारण त्यांच्यावर ते लागत नाही. मिसळ ठेवा. सहा युनिटांत दोनांहून जास्त ठिकाणी एकच पहिलं प्रमोशन नको. हॉटसीटवर प्रमोशन राखून ठेवण्यालाही जास्त अर्थ आहे, कारण न घेतलेलं प्रमोशन समोरच्याला अंदाजात धरता येत नाही. किती दिवस राखायचं याचं गणित प्रश्न ३ मध्ये आहे.

१७. स्काउटले लढाईत नेऊन फायदा हाय का?

सहसा नाही, पण एक अपवाद आहे. तिसऱ्या पायरीवरचं ॲम्बुश सगळ्या परिस्थितीत +२० देतं. वर दिलेल्या सगळ्या प्रमोशनांपेक्षा हा आकडा मोठा आहे. त्यासाठी ९० एक्सपी लागतात. सर्व्हे ही पॉलिसी लावली की टेहळणीच्या युनिटांचा अनुभव दुप्पट होतो, म्हणून ती अगदी सुरुवातीपासून हवी. स्काउट जिवंत ठेवून पुढे अपग्रेड केला तर ॲम्बुश त्याच्यासोबत जातं. वाटेत गुरिल्ला घेतलं तर हल्ला करून मागेही सरता येतं. कष्ट जास्त आहेत, पण असं एक युनिट बाजूने फिरलं की शत्रूच्या तिरंदाजांना थारा राहत नाही.

१८. हेच सगळं पाचमध्ये आन् सातमध्ये चालते का?

नाही. सिव्हिलायझेशन ५ मध्ये पायदळाची मुख्य प्रमोशनं भूभागावर ठरतात, शॉक मोकळ्या जमिनीसाठी आणि ड्रिल खडबडीत जमिनीसाठी. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या सातव्या भागात साध्या युनिटांना प्रमोशन मिळतच नाही, ती फक्त कमांडरला मिळतात.

१९. अपग्रेड केलं किंवा दोन युनिटं जोडून कोर केला त प्रमोशनं जातात का?

अपग्रेडमध्ये सगळी प्रमोशनं आणि एक्सपी राहतात. फक्त ते स्वतःच्या हद्दीत करावं लागतं आणि सोनं लागतं.

कोरमध्ये मात्र जपून. नॅशनॅलिझम हे सिव्हिक (समाजाच्या प्रगतीचा टप्पा) आल्यावर दोन युनिटं जोडून कोर होतो, +१० ताकद. मोबिलायझेशननंतर तिसरं जोडून आर्मी होते, एकूण +१७. जोडलेल्या युनिटकडे जास्त अनुभव असलेल्याचीच प्रमोशनं राहतात, दुसऱ्याची जातात. चार प्रमोशनांचा जुना तलवारवाला आणि तीन प्रमोशनांचा दुसरा जोडला तर तुम्ही तीन प्रमोशनं फेकून दिली. जुन्या युनिटला शहरात नुकतंच बनवलेलं, एकही प्रमोशन नसलेलं युनिट जोडा आणि दुसरं जुनं युनिट वेगळ्या आघाडीवर तसंच चालू ठेवा. नवीन युनिट नसेल तर विकत घेऊन जोडणं एका अनुभवी युनिटचा बळी देण्यापेक्षा स्वस्त पडतं.